न चिरलेली काजं

पूल ओलांडून दोघी चढाला लागल्या, तेव्हा मावशीने तिसऱ्यांदा चपलेतला खडा झटकला.

"बसने आलो असतो," भाची म्हणाली.

"बसमध्ये बोलता येत नाही. आणि तिथे पोचल्यावर मला शोभेला खुर्चीवर बसवून ठेवतील."

युनियनच्या कार्यालयात आज मावशीचा सत्कार होता. तिथे वाचायला तिच्यावर लिहिलेली दोन पानं भाचीच्या पिशवीत होती. भाची शाळेत शिकवायची. तिने ती तीनदा उतरवून काढली होती. मावशी बाविसाव्या वर्षी शर्टांच्या कारखान्यात काजांच्या टेबलावर कशी लागली, बत्तीस वर्षं तिथेच कशी टिकली, सगळं त्यात होतं. न चिरलेल्या काजांची गोष्ट तर होतीच.

ती गोष्ट वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. काज आधी दोऱ्याने बांधायचं, मग पात्याने मधोमध चिरायचं. तेव्हा लघवीला जायलासुद्धा सुपरवायझरच्या हातापाया पडावं लागे. म्हणून बायकांनी ठरवलं, कामावर यायचं, काजं बांधायची, पण चिरायची नाहीत. संप म्हणावा तर हात चालूच. शर्टांचे ढीग लागले आणि एकाचंही बटण लागेना. "मालकाला म्हणावं, थंडीत पांघरायला घे," असं मावशीच तेव्हा म्हणाली होती. पाचव्या दिवशी मालक नमला.

"लांबडीचं काय लिहिलंस?" मावशीने चालता चालता विचारलं.

लांबडी त्याच टेबलावर मावशीच्या शेजारी उभी राहायची.

"सगळे सांगतात तेच. तिसऱ्या दिवशी तिने सहा काजं चिरली, सुपरवायझरने तो शर्ट सगळ्यांपुढे नाचवला. पण मी तिचं नाव नाही घातलं हं. 'एकीने कच खाल्ली' एवढंच."

मावशी थांबली.

"ती मी चिरली."

भाचीला वाटलं, बाई उन्हाने दमली. "पाणी देऊ का?"

"पाण्याने काय होणार? हाताला दहा वर्षांची सवय गं. दोरा तोडला की पातं उचलायचं. डोक्यात उद्या मालकापुढे कोण काय बोलणार ते घोळत होतं, आणि हात आपले चाललेले. सहावं चिरून झालं तेव्हा कळलं. तेवढ्यात सुपरवायझरने शर्ट उचलला, कोणी चिरलं म्हणाला. मी सगळ्यांची म्होरकी, माझी जीभ टाळ्याला चिकटली. आणि ही लांबडी म्हणते, मी."

"पण का?"

"मला नंतर नळावर हळूच म्हणाली, म्होरकीनेच चिरलं म्हटल्यावर सगळ्यांनी पाती उचलली असती. मी म्हटलं, जिंकलो की सांगेन. जिंकलो, तर मलाच डोक्यावर घेतलं. मग आज सांगू, उद्या सांगू. तिच्याशेजारी कोणी डबा उघडत नव्हतं. कारखाना सोडेपर्यंत एकटी जेवली ती. मीसुद्धा चार टेबलं सोडून बसायचे."

भाचीने मावशीचा हात धरला आणि दोघी पुढे निघाल्या.

"रोज देवापुढे हात जोडते," मावशी म्हणाली. "त्याला सांगून झालंय. पण तो कुणाच्या चुगल्या करत नाही, हीच अडचण."

भाचीला हसू आलं आणि डोळेही भरले. "पण आजच सांगायचं, मावशी? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. ती येणार आहे आज. नेहमी मागच्या रांगेत बसते, दाराशी. कोणी ऊठ म्हणायच्या आत उठता यावं म्हणून."

चढ संपला. कार्यालयाच्या दारात माणसं जमलेली दिसत होती. मावशी एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली, भाचीच्या पिशवीतून पानं काढून मांडीवर पसरली आणि ती ओळ सापडेपर्यंत बोट फिरवत राहिली.

"मी बोलायला उभी राहिले तर रडेन. मग बायका टाळ्या वाजवतील आणि सांगायचं राहूनच जाईल. तू पेन काढ. 'एकीने' खोड, तिथे माझं नाव घाल. आणि वाचताना त्या ओळीला आवाज बारीक करू नकोस, बाळ. मागच्या रांगेपर्यंत जाऊ दे."