सगळं आमच्या हॉलंडचं

किस्से जमवायला कुणी मुद्दाम बसत नाही. चार माणसं एका खोलीत वर्षानुवर्षं बसली की ते आपोआप साठतात, आखातातल्या दोह्यात दाराखालच्या फटीतून वाळू साठायची तसे. आज झाडा, उद्या पुन्हा आहेच. माझ्याकडचे बरेचसे किस्से एकाच खोलीतले आहेत. साठ सालाच्या आगेमागे मी दोह्यात एका तेल कंपनीच्या दवाखान्यात क्लार्क होतो. पेशंटांची नावं लिहायची, औषधांचा स्टॉक बघायचा आणि डॉक्टरचं इंग्रजी पेशंटला, पेशंटचं मराठी-हिंदी डॉक्टरला समजावून सांगायचं, हे माझं काम. आज दोह्याच्या अल मन्सूरा भागात गल्लोगल्ली आपली हॉटेलं आहेत म्हणतात. तेव्हा रत्नागिरी-कुलाब्याची आम्ही वीसएक माणसं एका मेसमध्ये जेवायचो आणि गावची भाषा ऐकायला मिळायची ती तिथंच.

आमचा डॉक्टर डच होता. तोंडावर आम्ही त्याला ‘सर’ म्हणायचो, पाठीमागे अरेतुरे. माणूस चांगला, पण त्याला एक खोड होती. जगातली कुठलीही वस्तू त्याच्यासमोर ठेवा, ती पहिल्यांदा काढणारा हॉलंडचाच निघायचा. शास्त्रज्ञ असो, चित्रकार असो, इंजिनियर असो. त्या थोर लोकांची नावं तो मोठ्या प्रेमानं सांगायचा. आमच्या जिभेला ती पेलायची नाहीत. मग आम्ही आमच्या सोयीची नावं पाडली : भिंगवाला, लोलकवाला, कानवाला. मी आजही त्यांना त्याच नावांनी ओळखतो.

*

सुरुवात थर्मामीटरपासून झाली. दवाखान्यात दाऊद नावाचा ड्रेसर होता, दापोलीकडचा. जखमा धुणं, टाके, पट्ट्या सगळं तोच करायचा. एकदा तो ताप बघत असताना डॉक्टर म्हणाला, “या थर्मामीटरच्या पट्टीवर ज्याचं नाव आहे ना, तो आमच्या हॉलंडचा.”

मी कुठंतरी वाचलं होतं. म्हटलं, “सर, त्याचा जन्म दुसऱ्या देशातला ना?”

डॉक्टर जरा वरमला. “हो, जन्म दुसरीकडचा. पण आईबाप गेल्यावर लहानपणीच हॉलंडला आला. धंदा शिकला, काम केलं, तिथंच मेला. आमचाच म्हणायचा.”

मी हे दाऊदला सांगितलं. दाऊदनं थर्मामीटर झटकला आणि म्हणाला, “पोटासाठी घरदार सोडून परक्या मुलखात गेला, म्हणजे त्यांचा कशाला? आपला माणूस तो.”

तेव्हापासून आमच्या मेसमध्ये कुणी फणफणला की दाऊद जाहीर करायचा, “आपल्या माणसाच्या हिशेबानं एकशे दोन आहे.”

*

भिंगवाला म्हणजे तो कापडाचा व्यापारी, ज्यानं घरीच भिंगं घासून घासून पाण्याच्या थेंबातले जीव पहिल्यांदा पाहिले. डॉक्टरचं हे दैवतच. त्याचं नाव काढताना तो मायक्रोस्कोपवरून हात फिरवायचा.

एका उन्हाळ्यात आमच्या मेसमधली निम्मी माणसं पोट धरून दवाखान्यात आली. डॉक्टरनं ओळखलं की टाकीचं पाणी न उकळता वापरलं जातंय. त्यानं मेसच्या रज्जाक खानसाम्याला बोलावलं. रज्जाक हट्टी, पाणी उकळलं की त्याची चव जाते, आमटी बिघडते, असं त्याचं ठाम मत. डॉक्टरनं वाद घातला नाही. टाकीतल्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेतला, मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि रज्जाकला म्हणाला, “बघ.”

रज्जाकनं बराच वेळ डोळा लावला. डॉक्टर माझ्याकडे बघून हसत होता, आता कसा वळणावर येतो बघ, अशा अर्थानं.

रज्जाकनं मान वर केली. “हे हलतायत ते जिवंत आहेत काय?”

“जिवंत आहेत. हजारो आहेत.”

“मग पाणी चांगलंच आहे की,” रज्जाक म्हणाला. “खराब असतं तर मेले नसते?”

मी हे भाषांतर करून सांगितलं. डॉक्टरनं स्वतः पुन्हा एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावला. भिंगवाल्याला याचं उत्तर सुचलं असतं की नाही, याचा विचार करत असावा.

*

मग कानवाला. डॉक्टरनं पेशंट बसायच्या जागी सूर्यफुलांचं एक छापील चित्र लावलं होतं. वाळवंटात बसून पिवळी फुलं बघायला बरं वाटायचं, हे खरं. चित्र काढणाऱ्याचं नाव असं की सुरुवातीला आणि शेवटी घशाच्या तळातून खरखर काढावी लागायची. कंपनीतले इंग्रज साहेब ते नाव आपल्या पद्धतीनं गुळगुळीत करून घ्यायचे आणि डॉक्टरच्या कपाळावर आठी पडायची. मी प्रयत्न केला तर मला ठसका लागला.

दाऊद पट्ट्या गुंडाळत होता. त्यानं एकदा ऐकलं आणि जसंच्या तसं म्हणून दाखवलं. लहानपणी कुराण शिकवताना गावच्या मौलवींनी छडी घेऊन त्याच्या घशातून असले आवाज काढून घेतले होते, ते असे कामी आले. डॉक्टर खुर्चीतून उठला आणि त्यानं दाऊदशी हात मिळवला. आपल्या गावचं नाव परक्या ठिकाणी कानावर पडावं तसा त्याचा चेहरा झाला होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हा माणूस इथं फार एकटा आहे.

मग खुशीत येऊन त्यानं त्या चित्रकाराची सगळी कर्मकहाणी सांगितली. गरिबी, वेड, एकही चित्र धड न विकलं जाणं, आणि शेवटी एका रात्री स्वतःच्याच हातानं कान कापून घेणं. सांगता सांगता त्याचा आवाज जड झाला.

दाऊदनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, “टाके कुणी घातले?”

*

लोलकवाल्याच्या घड्याळानं डॉक्टरला महिनाभर छळलं. त्यानं घरून एक जुनं भिंतीवरचं घड्याळ मागवलं होतं, लोलकाचं. असलं घड्याळ पहिल्यांदा करणारा माणूस डच, हे वेगळं सांगायला नको. घड्याळ दवाखान्याच्या व्हरांड्यात लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते भलतीच वेळ दाखवत होतं. डॉक्टरनं लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग डॉक्टरनं ते खोललं. इथल्या उष्म्यानं लोलकाची दांडी लांबत असेल म्हणाला. समुद्राची खारी हवा चाकांत जात असेल म्हणाला. तेल बदललं, भिंत बदलली. घड्याळ दिवसभर नीट चालायचं आणि सकाळी बिघडलेलं सापडायचं. डॉक्टर चिडचिडा झाला. लोलकवाल्याचं नाव घेणं त्यानं बंद केलं.

शेवटी एका संध्याकाळी तो घरी न जाता आतच बसून राहिला. सूर्य बुडाला. आमचा चौकीदार सालेम, तिथलाच म्हातारा कतरी, स्टूल घेऊन आला. वर चढला, घड्याळाची काच उघडली आणि दोन्ही काटे बारावर आणून ठेवले.

तिथल्या जुन्या लोकांचा हिशेब असा की सूर्य बुडाला की बारा वाजले. नवा दिवस तिथून सुरू. डॉक्टर धावत बाहेर आला. सालेम सावकाश स्टुलावरून उतरला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, “तुमचं घड्याळ रोज चुकतं. रोज मी दुरुस्त करतो. आजपर्यंत कुणी आभाराचं एक शुक्रन म्हटलं नाही.”

डॉक्टर शुक्रन म्हणाला. घड्याळ तो घरी घेऊन गेला.

*

आमच्या मेसमध्ये खलीलचाचा होते, राजापूरच्या खाडीकाठचे. जेट्टीवर क्रेन चालवायचे. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी ते दवाखान्यात यायचे आणि डॉक्टरला त्यांच्याशी गप्पा मारायला आवडायचं, कारण ते कशाचंही आश्चर्य दाखवत नसत.

एकदा डॉक्टरनं त्यांना हॉलंडच्या त्या इंजिनियरची गोष्ट सांगितली, ज्यानं भला मोठा बांध घालून समुद्र अडवायचा बेत केला. समुद्राचं तळं झालं आणि तळ्याच्या पोटात शेतं. डॉक्टर हातांनी समुद्र मागे ढकलून दाखवत होता.

चाचा म्हणाले, “आमच्याकडं पण खाडीला बांध घालून भात लावतात. मोठी भरती आली की फुटतो. मग सगळा गाव चिखलात. तुमचा बांध फुटला तर कोण जातं?”

“गावाला जावं लागत नाही,” डॉक्टर म्हणाला. “सरकारनं माणसं ठेवली आहेत. बारा महिने, पगारी. त्यांचं कामच ते.”

चाचांनी गोळ्यांची पुडी खिशात घातली. “पगारी माणसं असल्यावर समुद्र कोण पण अडवील,” असं म्हणून ते निघून गेले.

*

आता शेवटचा.

दवाखान्यात डोळे तपासायचा तक्ता होता. वर मोठं एक अक्षर आणि खाली खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. तो काढणारा डोळ्यांचा डॉक्टरही डचच. खोली लहान म्हणून तक्ता पॅसेजच्या टोकाला टांगलेला असायचा. क्रेनवाल्यांची दरवर्षी तपासणी व्हायची आणि जो नापास होईल त्याला कंपनी घरी पाठवायची. त्यात दयामाया नव्हती.

खलीलचाचांना दिसेनासं झालं होतं. मेसमध्ये सगळ्यांना माहीत होतं. ते आमटीची वाटी हातानं चाचपून घ्यायचे. गावाला सहा माणसं त्यांच्या एकट्याच्या कमाईवर. तपासणीला महिनाभर होता.

त्या महिन्यात दवाखान्यात आमच्या मेसची भलतीच गर्दी होऊ लागली. कुणाला खोकला, कुणाची कंबर धरलेली. औषधाची कुणालाच घाई नसायची. पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि ओठ हलवायचे. मला वाटलं, आजारी आहेत, अल्लाचं नाव घेतायत.

एका शुक्रवारी दुपारी मेसवर गेलो तेव्हा उलगडा झाला. खलीलचाचा मांडी घालून बसले होते आणि समोर सगळे. एकेकानं तक्त्याची एकेक ओळ पाठ करून आणली होती, तोंडातोंडी, मौलवींकडे धडा घोकतात तशी. एकजण म्हणायचा, चाचा मागून म्हणायचे. रज्जाककडे सगळ्यात खालची ओळ होती. रज्जाक कामात चोख. त्याच्याही खाली मुंगीएवढ्या अक्षरांत जे छापलेलं होतं, तेही तो जवळ जाऊन, अक्षर अक्षर लावून पाठ करून आला होता.

मी दारातच उभा राहिलो. दाऊद कोपऱ्यात बसला होता. तो हळूच म्हणाला, “चाचा, क्रेनच्या खाली माणसं उभी असतात.”

सगळे थांबले. चाचा म्हणाले, “मला काय माहीत नाय? म्हणून तर हल्ली कान देऊन चालवतो.”

डॉक्टरला सांगावं तर चाचांचं घर बसतं, न सांगावं तर एखाद दिवशी कुणाच्या तरी डोक्यावर लोखंड. मी कुणाशीच काही बोललो नाही, आणि तपासणीचा दिवस आला.

चाचा धुतलेले कपडे घालून आले. डॉक्टरनं त्यांना खुणेच्या रेघेवर उभं केलं, हातात पुठ्ठा दिला आणि डावा डोळा झाकायला सांगितला. मी बाजूला उभा. चाचांनी पुठ्ठ्यानं डावा डोळा झाकला. मग सवयीनं, पाठ केलेलं म्हणताना लहानपणापासून करत आले तसं, उजवा डोळा मिटून घेतला. आणि पुढेमागे डुलत सुरू केलं.

“ई. एफ, पी. टी, ओ, झेड.”

एकही अक्षर चुकलं नाही. आवाज असा गोड लागला होता की बाहेरचे पेशंट उठून ऐकायला आले. शेवटची ओळ झाली. चाचा थांबले नाहीत. छापखान्याचं नाव म्हटलं, छापखान्याच्या गावाचं नाव म्हटलं आणि ‘हा तक्ता उन्हात ठेवू नये’ हेही इंग्रजीत म्हणून टाकलं. मग दुवा संपल्यावर फिरवतात तसा मोकळा तळहात तोंडावरून फिरवला. डोळा अजून मिटलेलाच.

डॉक्टर चालत तक्त्याजवळ गेला. चष्मा लावला. तक्त्याच्या अगदी तळाला नाक लावून बराच वेळ बघत राहिला. परत आला तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलला.

“किती दिवसांत पाठ केलं?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “महिन्याभरात, सर.”

“वाचून?”

“नाही. ऐकून.”

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. “क्रेन आजपासून बंद,” तो म्हणाला. “आणि स्टोअरच्या साहेबाशी मी आत्ताच बोलतो. तिथं हजारो सुटे भाग आहेत आणि कुठला कुठं ठेवलाय ते कुणालाच आठवत नाही. याला तिथं बसवायचं. सांग त्याला.”

डॉक्टर एकदा शब्द दिला की फिरवत नसे. मला रडू यायचंच बाकी होतं. मी चाचांकडे वळलो.

चाचांना इंग्रजी कळत नव्हतं. त्यांनी आपण होऊन पुठ्ठा उजव्या डोळ्यावर नेला होता, डावा डोळा मिटला होता आणि डुलायला सुरुवातही केली होती. “ई. एफ, पी.”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. स्टूल ओढून बसला.

“थांब,” तो म्हणाला. “अजून एक डोळा बाकी आहे.”