गास्पारचं म्हणायचं नाव

गास्पार नवीन माणूस भेटला की आधी एकच विचारायचा, "हे तुझं खरं नाव, की म्हणायचं?"

मला त्यानं ते विचारलं तेव्हा आयर्लंडमधल्या ब्लँचर्डस्टाउनमध्ये मसाल्याचं दुकान उघडून मला वर्षही झालं नव्हतं. पाटीवर 'डेव्ह' लिहिलं होतं. पुण्याहून आलेली कॉम्प्युटरवाली मंडळीही मला डेव्हभाऊ म्हणायची, आणि मला ते हवंच होतं. हा सत्तरी उलटलेला, लोकरीची टोपी कानांवर ओढलेला गोरा म्हातारा हळदीचं पाकीट धरून उत्तराची वाट बघत उभा राहिला. माझं डोकं फिरलं.

"हळद हवी की माझी जात?"

"हळदीचा भाव कमी कर," तो म्हणाला, "आणि नाव फुकट दे."

शून्यातून वर आलेला माणूस फुकट काही देत नाही. नाव मी दिलं ते पुढच्या हिवाळ्यात.

गास्पार क्वेबेकचा, कॅनडातल्या फ्रेंच मुलखातला. बायको गेल्यावर इथे येऊन राहिला तो एका पूर्वजापायी. फार पूर्वी फ्रेंच फौजेतून एक आयरिश शिपाई तिकडच्या वसाहतीत गेला. त्या फौजेत ज्याला त्याला एक म्हणायचं नाव मिळे. ह्याला मिळालं लिर्लांद, म्हणजे आयर्लंडवाला. पोराबाळांनी तेच आडनाव म्हणून लावलं आणि खरं विसरून गेली. गास्पारला मूल नव्हतं. वंश त्याच्यापाशी संपत होता, आणि थडग्यावर तरी खरं आडनाव कोरून घ्यायचं त्याच्या मनात होतं. "आयुष्यभर म्हणायच्या नावावर काढलं," तो म्हणायचा, "शेवटी तरी खऱ्या नावानं झोपू दे."

त्या हिवाळ्यात एकदा म्हणाला, "मी घरातला तिसरा गास्पार. आधीचे दोघं पाळण्यातच गेले. आमच्याकडे नाव वाया घालवत नाहीत, पुढच्याला देतात."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. "माझ्याही आधीचे दोघं गेले. म्हणून मी दगडू. दगड! वाईट नाव ठेवलं की पोर मरणाच्या नजरेत भरत नाही म्हणे. मी जगलो, मग धाकटा झाला. त्याचं नाव राजेंद्र. शाळेत चिडवून घ्यायला मी, कौतुकाला तो."

गास्पार इतका हसला की त्याला काउंटर धरावा लागला. "अरे, तू धंदेवाला ना? तुझ्या बापानं मरणाशी घासाघीस केली! गिऱ्हाईक परत जावं म्हणून माल टाकाऊ आहे असं सांगितलं!"

मी त्याला दुकानाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

त्या आडनावाच्या शोधात तो केरी परगण्यातल्या ट्रली गावी बसनं सारखा जायचा. तिकडच्या चर्चमधल्या नोंदी तेवढ्या मागे जातच नव्हत्या. शेवटी तिथल्या एका वंशावळ शोधणाऱ्यानं त्याला केरीतलं एक भारदस्त आडनाव सांगितलं. बसमधून उतरून तो थेट माझ्याकडे आला.

"काय म्हणतोस? घेऊ?"

"पुरावा?"

"नाही. पण तो म्हणतो, नक्की हेच. ग्रँड नाव आहे रे."

बसच्या तिकिटामागे त्यानं ते आडनाव मोठ्या अक्षरात लिहूनही आणलं होतं. ते बघून तर मी जास्तच भडकलो. "ज्यांनी त्याला आयर्लंडवाला म्हटलं, त्यांनी त्याला पाहिला होता. त्याच्या पंगतीला जेवले होते. हा ट्रलीवाला काय बघून बोलतो? असला माल मी फुकटसुद्धा उचलणार नाही."

त्या दिवशी तो काही न घेताच गेला.

उन्हाळ्यात गास्पार क्वेबेकला परतला. निघताना एवढंच म्हणाला, "येतो, दगडू." अख्ख्या आयर्लंडमध्ये मला त्या नावानं हाक मारणारा तो एकटाच. पुढे त्याच्या भाचीनं थडग्याचा फोटो पाठवला. त्यावर कोरलं आहे, गास्पार लिर्लांद.

दुकानाची पाटी मी बदललेली नाही, डेव्हवर धंदा बसला आहे. राजेंद्रचा फोन आला की अजून डोक्यात तिडीक जाते. बापावरचा रागही गेलेला नाही. पण मरणाशी केलेला तो सौदा त्यानं जिंकला, हे धंदेवाला म्हणून मला नाकारता येत नाही.