आईचा उपोसथ आणि इन्सुलिन

वर्षावासातल्या एका अष्टमीला संध्याकाळी माझी आई नागपुरात आमच्या घरी बेशुद्ध पडली. दवाखान्यात पोचलो तेव्हा रक्तातली साखर अडतीस होती. निदान लगेच झाले : हायपोग्लायसेमिया, म्हणजे साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरणे.

ग्लुकोज गेल्यावर तिने डोळे उघडले. "काहून आणलं गा मले इथं?"

कारण दुसऱ्या दिवशी कळले. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्याच्या या तीन महिन्यांत आई अष्टमी-पौर्णिमेला उपोसथ हे बौद्ध व्रत करते. त्या दिवशी दुपारी बारानंतर जेवायचे नाही, हे त्यातले एक शील. इन्सुलिन कधीच चुकवू नका, असे दवाखान्यात बजावलेले होते. तिने दोन्ही पाळले. उपाशीपोटी संध्याकाळचा पूर्ण डोस घेतला.

"आता उपोसथ बंद," मी म्हणालो.

"तुह्या बाबाच्या माघारी मले तेवढंच आहे. घरी गेल्यावर करीन. तुले सांगणार नाही."

फेरीवर आलेल्या डॉक्टरबाईंनी हे ऐकले. त्या स्टूल ओढून बसल्या आणि उपोसथाला काय काय करता, असे आईला विचारले. आईने वंदनेपासून सगळे सांगितले. त्यांनी एकदाही मधे तोडले नाही.

"न करणं सगळ्यात सुरक्षित," त्या म्हणाल्या. "पण करणारच असाल तर लपवू नका. त्या दिवसाचा डोस मी कमी करून देते. साखर पुन्हा पुन्हा मोजायची. सत्तरच्या खाली गेली की लगेच गूळपाणी."

"मंग शील मोडते नं, बाई."

"ते मला ठरवता येणार नाही. भन्तेजींना विचारा ना. त्यांना इथंच बोलवा."

विहारातले भन्तेजी दुपारी आले. आजाऱ्याला गूळ-मध औषध म्हणून बारानंतरही चालतो, असे त्यांनी सांगितले. "आणि मेल्यावर कोणतं शील पाळणार, उपासिका?"

"डॉक्टरीणबाईनं शिकवून पाठवलं वाटते तुम्हाले," आई म्हणाली.

घरात कोणी इन्सुलिन घेत असेल आणि उपवासही करत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. स्वतः डोस बदलू नये. आम्हाला कोणी विचारले नव्हते, आम्हीही सांगितले नव्हते.

पौर्णिमेला दुपारी आईची साखर अडुसष्टवर आली. तिने यंत्राकडे पाहिले आणि माझ्या बायकोला हाक मारली, "गूळपाणी आण वं."

पेला रिकामा केला. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली. साखर एकशे चार होती. संध्याकाळी ती वंदनेला विहारात गेली.