एतेल्विनामावशीने पेन का पळवलं

एतेल्विनामावशीने नोटरीबाईच्या कानाखाली वाजवली, ही बातमी ऑगस्टात पाववाल्याच्या गाडीबरोबर आमच्या पोर्तुगालमधल्या गावात आली. दुपारी कॅफेत नोटरीबाईचा एक दात पडलेला होता, संध्याकाळपर्यंत दुसराही पडला. मी गप्प बसून ऐकत होतो. मजा येत होती, खोटं कशाला सांगू? वास्तविक त्या दिवशी मावशीला तालुक्याच्या गावी मीच माझ्या गाडीतून नेलं होतं. नोटरीबाईचे सगळे दात जागच्या जागी होते. मावशीने फक्त तिचं पेन पळवलं.

मावशी माझी शेजारीण. वय एकाहत्तर, गुडघे नव्वदीचे, जीभ विशीतली. पॅरिसमध्ये चौतीस वर्षं तिने एका इमारतीचे जिने पुसले, टपाल वाटलं, आणि नवरा अर्मिंदो याच्यासोबत जिन्याखालच्या एका खोलीत संसार केला. त्या खोलीत पलंगावरून हात लांब केला की शेगडीवरचं भांडं ढवळता यायचं. म्हणून नवराबायकोने ठरवलं, गावाकडे घर बांधायचं ते बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल असंच. दरवर्षी ऑगस्टात सुट्टीवर यायचं आणि थोडं थोडं बांधायचं. अकरा ऑगस्ट लागले. तीन मजले, चार न्हाणीघरं, गेटवर सिमेंटचे दोन सिंह. सज्जा आणि वरच्या सगळ्या खोल्या रस्त्याकडे, कारण ऑगस्टातल्या जत्रेत मेरीमातेची मिरवणूक त्या रस्त्याने जाते आणि अर्मिंदोला सज्ज्यात उभं राहून अख्ख्या गावाला दिसायचं होतं. रस्ता घराच्या उत्तरेला. पण ऑगस्टात दिशा कोण बघतो? तेव्हा जो तो सावली शोधत असतो.

कायमचे परतल्यावर पहिल्याच डिसेंबरात कळलं, की वरच्या मजल्यांवर सूर्य फिरकतच नाही. भिंतींना घाम फुटायचा. दुसऱ्या हिवाळ्यानंतर अर्मिंदो गेला आणि मावशी मागच्या बाजूच्या गॅरेजमध्ये राहायला आली, कारण ऊन फक्त तिथे येतं. तिथेच चूल, तिथेच टेबल, पलंग, टीव्ही. वरच्या सोफ्यावर प्लॅस्टिक, ओट्यावर प्लॅस्टिक, पलंगांवरही प्लॅस्टिक.

“मावशी, पॅरिसच्या खोलीपेक्षा गॅरेज मोठं आहे ना?” मी चिडवायचो.

“तुझ्या अकलेपेक्षा तरी मोठं आहे, झेफेरिनो,” ती म्हणायची.

तर यंदाच्या ऑगस्टात तिची एकुलती लेक नाताली आणि फ्रेंच जावई फाब्रिस आले. अंगणात सार्डिन मासे भाजणं चाललं होतं. मीही होतो, वास आल्यावर घरी बसवत नाही. नाताली म्हणाली, “आई, आमचं ठरलंय. आम्ही पोर्तुगालला राहायला येणार. कायमचे!”

मावशीने जावयाचे दोन्ही गाल इतक्या जोरात चुंबले, की त्याचा चष्मा सॅलडमध्ये पडला. हे ऐकायला ती किती वर्षं थांबली होती, ते मला ठाऊक आहे. मग नातालीने नकाशांची गुंडाळी टेबलावर पसरली. काचेच्या भिंतींचं घर, पुढे पोहण्याचा तलाव.

“कुठे बांधणार हे?”

“तुझ्या खालच्या बटाट्याच्या शेतात. ओढा, गारवा... काय जागा आहे, आई! गुरुवारी नोटरीकडे जायचं, तू फक्त बक्षीसपत्रावर सही कर.”

मावशीने काटा खाली ठेवला. “तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन पडत नाही. डोंगर आडवा येतो.”

“म्हणून तर काचेच्या भिंती!”

“काचेतून ऊन आत येतं, पोरी. काच ऊन बनवत नाही.”

“आई, तू प्रत्येक गोष्टीत...”

“बरं, राहिलं. इथे येऊन करणार काय?”

“करणार काय म्हणजे? राहणार!”

“ते कळलं. फेब्रुवारीतल्या मंगळवारी काय करणार? सकाळी पाववाला येऊन गेला. पुढे?”

फाब्रिस म्हणाला, “मी संगणकावर काम. नंतर पोहणार.”

“फेब्रुवारीत?” मावशीने माझ्याकडे बघितलं. मी सार्डिनचे काटे काढण्यात गुंग झालो.

नातालीचं फ्रान्समधलं, लियों शहरातलं आयुष्य मला माहीत आहे. आठवड्यातून दोन नाटकं, तीनदा मैत्रिणींबरोबर बाहेर जेवण. आमच्या गावात फेब्रुवारीत कॅफे बंद झाल्यावर रस्त्यावर माझा कुत्रा तेवढा असतो, आणि तोही आठला झोपतो.

तरी गुरुवारी मावशी निघाली. लेकीच्या गाडीत तिला मळमळतं, म्हणून सगळी वरात माझ्या गाडीत. सहीला नाही म्हटलं तर लेक कायमची तिकडेच राहील, ही भीती मावशीने बॅगेसारखी मांडीवर घट्ट धरली होती.

नोटरीबाईने कागद वाचून दाखवला, पेन पुढे केलं. मावशीने ते हातात घेतलं, टोक कागदाला लावलं. तेवढ्यात नातालीने लाडात येऊन नकाशा पुढे सरकवला. “आई, हे बघ, तुला सांगायचंच राहिलं. सज्जा रस्त्याकडे काढलाय! जत्रेची मिरवणूक दिसेल. बाबांच्या सज्ज्यासारखा.”

मावशीचा चेहरा आधी पांढरा, मग वांग्याच्या रंगाचा झाला. तिने पेनाला टोपण लावलं, बॅगेत टाकलं आणि बॅग खट्‌कन मिटली.

“सही होणार नाही.”

“अहो बाई, माझं पेन...” नोटरीबाई म्हणाली.

“मिळेल.”

परतताना गाडीत जे झालं, ते आरशात बघून मी गाडी नीट चालवली, हे माझं कौतुक. नाताली ओरडत होती, “तू काय केलंस ग स्वतः? अकरा ऑगस्ट खर्ची घातलेस! तीन मजले! आणि राहतेस गॅरेजमध्ये!”

“म्हणूनच सांगते ना, गाढवे! आम्ही आधी घर बांधलं, आणि म्हटलं, जगायचं कसं ते नंतर बघू. तुझा बाप त्या सज्ज्यात मिरवणुकीला किती वेळा उभा राहिला, माहीत आहे? दोनदा! बाकी सगळा वेळ तो कोट घालून जेवायचा, स्वतःच्या घरात! वरचं घर रिकामं पडलंय. एक फेब्रुवारी राहून दाखव. लाकडं वर ने, दाढ दुखली तर डॉक्टरच्या बुधवारची वाट बघ. मग सांग मला, घर कसं हवंय, कुठे हवंय, आणि मुळात हवंय का.”

“म्हणजे आम्ही यायलाच नकोय तुला.”

घरी पोचल्यावर मावशीने गेट असं आपटलं, की डावीकडच्या सिंहाचा कान गेला. शनिवारी लेक-जावई गेले. गालाला गाल न लावता.

पुढचे तीन महिने मावशीचा फोन वाजला नाही, आणि तिच्या रागाला कुणी सुटलं नाही. पाद्रीबाबा, पाववाला, बटाट्यांवरची कीड, मी. माझ्या कुत्र्यालासुद्धा एकदा म्हणाली, “तुला तरी उन्हात झोपायची अक्कल आहे!”

नोव्हेंबरअखेर फोन आला, पण माझ्याकडे. “झेफेरिनोकाका, आईला सांगू नका. वरच्या मजल्यावर कुठली शेगडी चालेल? आणि पांघरुणं किती लागतील?” मी शपथेवर कबूल केलं, आणि फोन ठेवून थेट गॅरेजमध्ये गेलो. शपथेचं नंतर बघता येतं.

आता जानेवारी संपत आलाय. धुराडं साफ केलं तेव्हा पक्ष्यांची घरटी बादली भरून निघाली. मावशी एकेका पायरीवर थांबून, गुडघ्यांना शिव्या देत वर चढते आणि सोफ्यावरचं प्लॅस्टिक असं ओरबाडते, जणू त्या सोफ्यानेच गुन्हा केलाय. “एका महिन्यासाठी एवढा उपद्व्याप! आणि त्या फाब्रिसला सांग, पोहायची चड्डी आणू नकोस म्हणावं!”

काल नोटरीबाई मला बाजारात भेटली. पेन तिच्या वडिलांचं आहे म्हणे, आणि पाच महिने झाले. मी तसाच मावशीच्या वरच्या मजल्यावर गेलो आणि निरोप सांगितला. म्हटलं, “मावशी, देऊन टाका की आता. लोक म्हणतात, सख्ख्या लेकीला जमीन नाकारली.”

मावशीने हातातलं फडकं पिळलं.

“नोटरीबाईला सांग, पेन जपून ठेवलंय. फेब्रुवारी काढल्यावर माझी लेक जिथे म्हणेल तिथली सही त्याच पेनाने करीन. आणि लोकांना एवढीच घाई असेल, तर त्यांनी स्वतःचं शेत द्यावं. तुझ्यापासून सुरुवात कर.”