डोळे भरून पाहिलेलं तळं

गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीतल्या शेजारच्या काकू कधी बेल वाजवत नाहीत. दार हळूच लोटून येतात आणि बोलता बोलता माझ्या ओट्यावरचे कप विसळून ठेवतात. मुलाच्या कुटुंबाबरोबर परदेशात कॅम्परव्हॅनमधून, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून, फिरून नाशिकला परतल्या, तेव्हा मी विचारलं, "काय काय पाहिलं?"

"एक तळं अगदी डोळे भरून पाहिलं बघ. मी काठावरच होते आणि गाडी गेली निघून. त्यांना वाटलं, मी मागे पडद्याआड झोपलेय."

मी विचारलं, "मग कळलं कधी?"

"पुढे कुठेतरी थांबल्यावर मुलानं हाक मारली, आई, चहा टाक. मागून ओ आली नाही, तेव्हा."

कप पुसून पालथा घालत त्या म्हणाल्या, "आले की बिचारे परत घ्यायला. मग टाकला चहा."