न खोडलेली वही

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपुरात सीताबर्डीच्या एका गल्लीत एका माणसाचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आम्ही कॉलेजातले चौघं जे काही रॉक म्हणून वाजवायचो, ते तिथे टेप करायला जायचो. गाणी मी लिहायचो. परदेशातले मोठे गाणारे नशेत लिहितात असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून मीही गांजा ओढूनच लिहायला बसायचो.

आमचं गाणं टेप होत असताना तो पेन्सिलीने दुसऱ्याच कॅसेटची सुटलेली फीत गुंडाळत, मान खाली घालून ऐकायचा. एकदा त्याने मध्येच टेप थांबवला.

"एकच ओळ नऊ खेपा काहून गा?"

"गांजा ओढला की असंच सुचते, काका," मी जरा ऐटीत म्हणालो.

"मीबी ओढत होतो. गावातल्या खडी गंमतीच्या तमाशाले गाणे लिहून देत होतो तवा," तो म्हणाला. "सुचते ते आपल्याच डोक्यातलं राहते. गांजा फक्त खोडू देत नाही."

मग त्याने काउंटरखालून आपली एक जुनी वही काढून माझ्यापुढे सरकवली. पानंच्या पानं रेघा मारून खोडलेली होती, आणि मधूनच एखादी ओळ शिल्लक होती. मी वाचत असताना त्याने टेप पुन्हा सुरू केला.

माझी त्या वेळची वही अजून घरात आहे. अक्षर सुरेख आहे. बत्तीस गाण्यांत एकही शब्द खोडलेला नाही.