जगनचा निळा खांब

पनवेलच्या खाडीकाठी राहणाऱ्या जगन कोळ्याला रंगाचं भारी वेड. नारळी पौर्णिमा आली की होडी रंगवून उरलेला रंग तो दिसेल त्याला फासायचा. एकदा तर बायकोची, शकूची, मासळीची पाटीही त्यानं निळी केली होती. अशा माणसाच्या ताब्यात कुणी मोजणीचा खांब देतं का? पण दिला.

ते २०१२ साल होतं. समुद्र चढतोय, त्याला तोंड द्यायला कोणतं गाव किती तयार झालं, हे देशभर मोजायचं ठरलं होतं म्हणे. पनवेलच्याच हदासाबाई त्या कामावर होत्या. त्यांनी खाडीत रेघा आखलेला खांब रोवला. उधाणाचं पाणी चढेल तिथं जगननं खूण करायची. पाणी वाढतंय असं दिसलं तर गावाचा बांध उंच होणार. उधाणात जगनच्या घरातच पाणी शिरायचं, त्यामुळे खांबावर त्याचा जीव जडला. म्हणून तर पौर्णिमेला होडीच्याही आधी त्यानं खांब रंगवला, हार घातला, नारळ फोडला. रेघा आणि खुणा रंगाखाली गेल्या.

हदासाबाईंनी कपाळाला हात लावला. पण बाई भल्या. दुसरा काही पुरावा मिळतो का पाहायला घरात आल्या. भिंतीही निळ्याच. मग त्यांना पलंगाखालच्या विटा दिसल्या. मोठं उधाण येऊन गेलं की शकू खाली विटा घालून पलंग आणि चूल थोडी वर उचलायची. बाईंनी हौसेनं फोटो काढले. जगनला वाटलं, सुटलो.

काही महिन्यांनी बाई पुन्हा आल्या, त्या ओशाळलेल्या. विटांचे फोटो वरच्या साहेबांना फार आवडले होते. गावानं पाण्याशी स्वतःच जुळवून घेतलं, प्रगती उत्तम, असा शेरा आला होता. बांध आता तयारीत मागे पडलेल्या गावांना मिळणार होता.

जगनचं डोकं चालेना. त्यानं विचारलं, "बाई, म्हंजे आमी पास का नापास?"

"पास," त्या खाली बघत म्हणाल्या.

आपण खूश व्हायचं की रडायचं, ते जगनला समजेना. तरी वाडीभर पास झाल्याचं त्यानं सांगून टाकलं.

पुढच्या उधाणाला पाणी पुन्हा घरात आलं. शकू तांदळाची गोणी कवटाळून पलंगावर बसली होती.

"आता पलंग वर नेला तर डोकं पत्र्याला लागल," ती म्हणाली. "मंग तुमची परगती कुठं ठेवू?"

जगननं बाहेर पाहिलं. दारातून तो खांब दिसत होता, नुसता निळा. पाणी कुठवर आलंय, ते त्यावरून कळत नव्हतं.